आपल्या विजेवर चालणारा व्हॉल्व्हचा गिटार अँप: पहिल्यांदा बांधणाऱ्यांसाठी

गिटारसाठी व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचा, अँप घरी बांधायचा म्हटलं की जो तो आधी सर्किट शोधत बसतो. खरं तर सर्किट हा यातला सगळ्यात सोपा भाग. पाच वॅटच्या अँपमध्ये दोन व्हॉल्व्ह, चौदा रजिस्टन्स, आठ कंडेन्सर आणि दोन ट्रान्सफॉर्मर, एवढाच संसार. गाडी अडते ती विजेपाशी. परदेशी किटमधला ट्रान्सफॉर्मर बऱ्याचदा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, तेही कागदावर. जालना-परभणीच्या खेड्यांत पंप सुरू असताना मीटर १९० दाखवतं, आणि मध्यरात्री भार उतरला की तेच २५० वर जातं. म्हणून या लेखात सर्किटपेक्षा ट्रान्सफॉर्मर आणि अर्थिंगवर जास्त बोललो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच. या अँपच्या पोटात पावणेतीनशे व्होल्ट डीसी असतात, आणि स्विच बंद करून पिन काढली तरी ते कंडेन्सरमध्ये राहतात. माणूस मरू शकतो. मीटर वापरता येत नसेल, सोल्डरिंगची सवय नसेल, तर आधी बॅटरीवर चालणारी दोन-चार सर्किटं करा आणि मग इकडे या. घरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारं जुनं माणूस असेल तर त्याला शेजारी बसवा. हे काम तसंही त्याच लोकांचं. फेंडर अँपचा जनक लिओ फेंडर कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा.

कोणता व्हॉल्व्ह

इंटरनेटवर नवख्यांना हमखास सुचवला जातो तो फेंडर चॅम्प. त्यात शेवटचा व्हॉल्व्ह ६व्ही६ असतो. उत्तम सर्किट आहे, पण माझं मत ईएल८४ च्या बाजूने. आपल्याकडच्या जुन्या रेडिओंत हा व्हॉल्व्ह असायचा, आणि बेलचा म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेले नग अजूनही एखाद्या जुन्या दुकानाच्या डब्यात सापडतात. नवे स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये बनतात, ऑनलाइन मिळतात. शिवाय तो २५० व्होल्टवर खुशीत चालतो. ६व्ही६ ला चॅम्पमध्ये याहून बरेच जास्त लागतात, आणि पहिल्या अँपला जितके कमी व्होल्ट तितकं बरं. आवाजाबद्दल शंका असेल तर एवढं सांगतो, व्हॉक्स एसी३० मध्ये हेच ईएल८४ असतात, चार.

त्याच्या आधी एक ईसीसी८३. अमेरिकन नाव १२एएक्स७, वस्तू एकच. एका काचेत दोन व्हॉल्व्ह असल्यामुळे प्रीअँपचं, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवण्याचं, सगळं काम तो एकटा करतो. रेक्टिफायरसाठी, म्हणजे एसीचं डीसी करायला, व्हॉल्व्ह नको, १एन४००७ चे चार डायोड पुरेत.

भंगारातला जुना रेडिओ उघडलात तर आधी व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. ई ने सुरू होणारे ६.३ व्होल्टवर तापतात, ते आपल्या कामाचे. यूसीएल८२, यूएल८४ असे यू चे व्हॉल्व्ह दिसले तर तो सेट बहुधा मेन्स ट्रान्सफॉर्मरशिवायचा असतो. त्यात फिलामेंट एकामागे एक जोडलेली असतात आणि चासी (सगळं ज्यावर बसवलेलं असतं तो धातूचा सांगाडा) थेट लाइनला लागलेली असू शकते. तसल्या चासीत गिटारची वायर घालणं म्हणजे तारांमधून फेज हातात घेणं. तो सेट शोभेला ठेवा. ई च्या सेटमधूनही फक्त व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर (शेवटचा व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्या मधला) घ्या. पन्नास वर्षांपूर्वीचे कंडेन्सर कितीही चकचकीत दिसले तरी घेऊ नका.

सामान कुठून

रजिस्टन्स, डायोड, वायर, फ्यूज होल्डर हे संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. ४५० व्होल्टचे कंडेन्सरही मिळतात, कारण दुरुस्तीवाल्यांना ते लागतातच. अडतं ते नऊ पिनी सॉकेट, १ मेगचा (मेगओहम) लॉग पॉट म्हणजे व्हॉल्यूमचं बटण, ६३० व्होल्टचे फिल्म कंडेन्सर आणि टॅगस्ट्रिप म्हणजे भाग सोल्डर करायच्या पट्ट्या यांसाठी. देवगिरी एक्सप्रेसच्या दोन्ही टोकांना त्याची सोय आहे. नांदेड-परभणीकडच्यांनी हैदराबादला कोठीची गुजराती गल्ली गाठावी, संभाजीनगर-जालन्याच्यांनी मुंबईचा लॅमिंग्टन रोड. लातूर, धाराशिव, बीडच्या लोकांना पुण्यातली तापकीर गल्ली सोयीची. ०.०२२ मायक्रोफॅरड मागितल्यावर दुकानदार बुचकळ्यात पडला तर ‘२२३, ६३० व्होल्ट’ म्हणा, लगेच काढून देईल.

स्पीकर ८ ओहमचा, आठ किंवा दहा इंची घ्या. पाच वॅट ऐकायला फुसके वाटतात, पण स्पीकर चांगला असेल तर खोलीत शेजारी तक्रार करतील इतका आवाज होतो. गल्लीतल्या बेंजो पार्टीतल्या मित्राकडे जादा स्पीकर असेल तर चाचणीसाठी तो मागून आणा. हा अँप पुढे त्याच्या बेंजोलाही झकास लागतो.

ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेताना

इथे घाई करू नका. मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी मोटार आणि स्टॅबिलायझर गुंडाळणारं दुकान आहे. स्पेसिफिकेशन नीट लिहून दिलं तर तिथला कारागीर तुम्हाला हवा तसा ट्रान्सफॉर्मर बनवून देईल. तोंडी सांगू नका, कागदावर लिहून द्या.

मेन्स ट्रान्सफॉर्मरसाठी असं लिहा: प्रायमरी (विजेकडची बाजू) ०-२३०-२५० व्होल्ट, ५० हर्ट्झ. सेकंडरी एक, १९० व्होल्ट १५० मिलिअँपिअर. सेकंडरी दोन, ६.३ व्होल्ट २ अँपिअर. कोअर ५० व्हीए. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याची स्क्रीन, तिची वायर वेगळी बाहेर. या स्क्रीनच्या पत्र्याची दोन टोकं एकमेकांना टेकता कामा नयेत, नाहीतर तो एक शॉर्ट झालेला वेढा होतो. कारागिराला हे माहीत असतंच, तरी आठवण करून द्यावी.

२५० चा टॅप का, तर मीटरवर तुमच्या घरचा व्होल्टेज दोन दिवस वेगवेगळ्या वेळी मोजा. रात्री तो सतत २४० च्या वर राहत असेल तर २५० चा टॅप वापरा. ईएल८४ च्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट हवेत, दहा टक्के इकडेतिकडे चालतं. २३० च्या टॅपवर २५० आले की फिलामेंटला ६.८५ जातात, म्हणजे अगदी काठावर. खाली १९० ला आलं तर ५.२ उरतात, आवाज मरगळतो. अशा गावात एक छोटा स्टॅबिलायझर लावणं शहाणपणाचं.

आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर. प्रायमरी ५ हजार ओहम, सेकंडरी ८ ओहम, म्हणजे वेढ्यांचं प्रमाण २५ ला १. प्रायमरीतून सतत ५० मिलिअँपिअर डीसी जाणार आहे हे ठळक लिहा, कारण सगळा फरक तिथेच आहे. नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये इंग्रजी ई आणि आय आकाराच्या पट्ट्या आलटून पालटून भरतात. इथे तसं केलं तर डीसीमुळे कोअर चुंबकत्वाने भरून जातो आणि खर्जाच्या तारा नुसत्या फरफरतात. दुकानात बोलणं साधारण असं होतं:

“काका, हे आउटपुट हाय. ई समद्या एका अंगाला घाला, आय दुसऱ्या अंगाला, अन् मधात कागद.”

“आरं, मग भणभण करंल की ते.”

“वार्निश मुरू द्या चांगलं, पट्ट्या घट्ट कसा. पर गॅप पाहिजेच.”

काकांचं म्हणणं चूक नसतं. गॅप ठेवलेला कोअर सैल असेल तर खरंच वाजतो. म्हणून वार्निशमध्ये बुडवून नीट वाळवलेलाच नग घ्या. कोअर दहा वॅटचा मागा, पाचच्या अँपला तो ऐसपैस होतो आणि खर्जाला जोर येतो. दोन्ही नग घरी नेण्याआधी ओळखीच्या वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) तपासून घ्या: प्रायमरी ते सेकंडरी, आणि प्रायमरी ते कोअर.

अर्थिंग

गिटारच्या तारा अँपच्या चासीला जोडलेल्या असतात. वाजवणाऱ्याची बोटं सतत त्या तारांवर. म्हणजे चासीला अर्थिंग नसेल आणि आत कुठे फेज टेकला, तर तो थेट वाजवणाऱ्याच्या अंगात येतो. तीन पिनी प्लग, हिरवी वायर, आणि ती चासीला स्वतंत्र बोल्टवर, दातेरी वॉशर लावून घट्ट. त्या बोल्टवर दुसरं काही जोडायचं नाही. गुणगुण जाते म्हणून कोणी अर्थची पिन काढायला सांगितली तर त्या माणसाचं पुढचंही काही ऐकू नका.

पण भिंतीत तिसरं भोक आहे म्हणून त्यामागे अर्थ असतोच असं नाही. जुन्या वाड्यांत ते बऱ्याचदा रिकामं असतं. आणि खड्डा असला तरी आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, ओल जाते, अर्थिंग नावापुरतं उरतं. मीटरवर फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच्या वर नको. पण मीटरच्या आकड्यावर थांबू नका. मीटर फार थोडा करंट घेतं, कोरडा खड्डाही त्याला बरा वाटतो. वायरमनला बोलावून भार टाकून तपासायला लावा. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात नियमाने पाणी ओता. मीठ-कोळसा भरून वर्षं लोटली असतील तर खड्डा नवीन करून घ्या.

मेन स्विचला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, असावा. मात्र तो अँपच्या आतल्या हाय व्होल्टेजपासून वाचवत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचा शॉक त्याला दिसतच नाही. तिथे फक्त तुमची शिस्त.

चासी

दोन मिलिमीटरचा अँल्युमिनियम पत्रा, साधारण ३० बाय १५ सेंटिमीटर, पाच-सहा सेंटिमीटर खोल. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडे पत्रा वाकवून घ्या. लोखंडही चालतं, पण घरच्या ड्रिलने भोकं पाडताना जीव जातो. सॉकेट हातात आल्याशिवाय भोक पाडू नका, सगळ्यांचा व्यास सारखा नसतो.

मांडणीचा एकच नियम लक्षात ठेवा: मेन्स ट्रान्सफॉर्मर एका टोकाला, गिटारचा जॅक दुसऱ्या टोकाला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मेन्सच्या काटकोनात बसवा.

जोडणी

पिना मोजायच्या त्या सॉकेट उलटं धरून, मोठ्या फटीपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. ईसीसी८३: १ आणि ६ अँनोड, २ आणि ७ ग्रिड, ३ आणि ८ कॅथोड. ४ व ५ एकत्र जोडून फिलामेंटचं एक टोक, ९ दुसरं. ईएल८४: २ ग्रिड, ३ कॅथोड, ४ व ५ फिलामेंट, ७ अँनोड, ९ स्क्रीन ग्रिड.

सगळ्यात आधी फिलामेंटच्या वायरी. दोन्ही एकमेकींभोवती घट्ट पिळा आणि चासीच्या कोपऱ्यातून न्या. दोन्ही टोकांपासून जमिनीला, म्हणजे सर्किटच्या सामाईक तारेला, १००-१०० ओहम लावा. नंतर वर बाकीचं जाळं आल्यावर या वायरींपर्यंत हात पोचत नाही.

मग मेन्स. फेज आधी ५०० मिलिअँपिअरच्या स्लो ब्लो फ्यूजमध्ये, तिथून स्विचमध्ये, तिथून प्रायमरीला. ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रीनची वायर चासीला. १९० व्होल्टच्या वायरी चार डायोडच्या ब्रिजला. ब्रिजनंतर ४७ मायक्रोफॅरड ४५० व्होल्टचा पहिला कंडेन्सर, आणि त्याला समांतर २२० के (किलोओहम), २ वॅटचा रजिस्टन्स. हा रजिस्टन्स आवाजासाठी काहीच करत नाही. बंद केल्यावर कंडेन्सर रिकामा करण्याचं काम त्याचं. तो कधीही गाळू नका. पहिल्या कंडेन्सरपासून आउटपुट ट्रान्सफॉर्मरमार्गे ईएल८४ ची पिन ७. तिथूनच १ के, ५ वॅटमधून दुसरा कंडेन्सर, २२ मायक्रोफॅरड ४५० व्होल्ट, आणि तो पिन ९ ला. पुढे १० के, १ वॅटमधून तिसरा, तोही २२ चाच. त्यावर प्रीअँप.

सिग्नलची वाट अशी. जॅकवर १ मेग जमिनीला. जॅकपासून शील्डेड वायरने ईसीसी८३ च्या पिन २ पर्यंत, आणि पिनेला अगदी चिकटून ६८ के. हा ६८ के सॉकेटवरच हवा, नाहीतर जवळपास मध्यम लहरीचं आकाशवाणीचं स्टेशन असेल तर गिटारमधून बातम्या ऐकू येतात. पिन ३ पासून जमिनीला १.५ के आणि त्याला समांतर २२ मायक्रोफॅरड २५ व्होल्ट. पिन १ ला १०० के, वरून व्होल्ट. पिन १ पासून २२३ चा कंडेन्सर व्हॉल्यूमच्या पॉटच्या वरच्या टोकाला, पॉटचं खालचं टोक जमिनीला, मधलं टोक पिन ७ ला. पिन ८ ला पुन्हा १.५ के आणि २२ मायक्रोफॅरड, पिन ६ ला १०० के. पिन ६ पासून दुसरा २२३. त्याच्या दुसऱ्या टोकापासून २२० के जमिनीला, आणि तिथूनच १.५ के मधून ईएल८४ ची पिन २. पिन ३ पासून जमिनीला १५० ओहम ५ वॅट आणि त्याला समांतर १०० मायक्रोफॅरड ५० व्होल्ट. झालं सर्किट.

जमिनीच्या वायरी मिळेल तिथे चासीला टेकवू नका. एक जाड उघडी तार घ्या. मेन्सकडच्या टोकाला पहिला कंडेन्सर, मग ईएल८४, मग प्रीअँप, शेवटी जॅक. चासीशी ती एकाच जागी जोडा, जॅकपाशी. त्यासाठी आउटपुटचा जॅक चासीपासून अलग ठेवावा लागतो, प्लास्टिकचा घ्या. व्हॉल्यूमच्या पॉटचं धातूचं अंग चासीला टेकलं तर हरकत नाही, त्याच्या टोकांना मात्र चासी लागू देऊ नका.

पहिल्यांदा वीज देताना

प्रत्येक वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे ज्यात एक बल्ब लाइनच्या मध्ये जोडलेला असतो. तो आणा. बल्ब जुना पिवळा, ६० वॅटचा हवा, एलईडी चालत नाही. सॉकेटमध्ये व्हॉल्व्ह न घालता वीज द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने जळत राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. लगेच बंद करा. डायोडची आणि कंडेन्सरची दिशा आधी पाहा, दहात नऊ वेळा तिथेच सापडतं.

मीटरची काळी पिन क्लिपने चासीला लावून टाका आणि मोजताना एकच हात वापरा, दुसरा खिशात. व्हॉल्व्हशिवाय पहिल्या कंडेन्सरवर २७० ते ३०० च्या दरम्यान दिसेल, सिरीजमध्ये जरा कमी. बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मीटरवर पाच व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालू नका. घाई असेल तर १० के, ५ वॅटचा रजिस्टन्स विद्युतरोधक दांडीला बांधून त्यातून उतरवा. स्क्रू ड्रायव्हर टेकवून ठिणगी काढण्याची हौस सोडा.

आता स्पीकर जोडा. हा क्रम मोडू नका. स्पीकरशिवाय व्हॉल्व्हचा अँप वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर इतके व्होल्ट चढतात की आतलं इन्सुलेशन फुटतं. दोन्ही व्हॉल्व्ह घाला, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, सिरीज बोर्डवरच सुरू करा. अर्ध्या मिनिटात फिलामेंट लालसर दिसतील. बल्ब मंद जळत राहिला तर अँप थेट प्लगला लावा आणि मोजा:

पहिला कंडेन्सर २५० ते २७०. ईएल८४ ची पिन ७ साधारण २४० ते २५५. पिन ३ वर ७ ते ८.५. ईसीसी८३ च्या पिन १ आणि ६ वर १४० ते १७०, पिन ३ आणि ८ वर १.१ ते १.५.

यातला ईएल८४ च्या पिन ३ चा आकडा सगळ्यात बोलका. ७.५ व्होल्ट भागिले १५० ओहम, म्हणजे ५० मिलिअँपिअर. त्यातले पाच स्क्रीन ग्रिडचे वजा करा, उरले ४५. गुणिले साधारण २४० व्होल्ट, म्हणजे पावणेअकरा वॅट. ईएल८४ ची मर्यादा १२ वॅट. व्हॉल्व्हच्या आतली काळसर प्लेट तांबूस दिसू लागली तर ताबडतोब बंद करा. पिन ३ वर दहाच्या वर आले आणि पिन २ वरही डीसी व्होल्ट सापडले, तर त्याआधीचा २२३ गळतो आहे, बदला.

गुणगुण

अँप वाजतो, पण मागे भ्रमर आहे. आधी व्हॉल्यूम शून्यावर आणा. गुणगुण गेली तर दोष जॅककडच्या बाजूला: शील्डेड वायर किंवा पहिला व्हॉल्व्ह. राहिली तर पुढे. मग कान द्या. जाड, खोल घुमणं ५० हर्ट्झचं असतं, ते फिलामेंटच्या वायरी किंवा जमिनीच्या जोडणीतून येतं. त्याहून चढा, बोचरा आवाज १०० हर्ट्झचा, तो फिल्टरच्या कंडेन्सरमधून. कानाला फरक कळत नसेल तर गिटारची मदत घ्या: पाचव्या तारेचा मोकळा ए ११० हर्ट्झचा असतो. त्याच्या जरा खाली ते १०० वालं. सिंगल कॉइल पिकअपची गिटार असेल तर थोडी गुणगुण तिचीच असते. वळून पाहा, दिशेप्रमाणे कमी-जास्त झाली तर अँपला दोष देऊ नका.

लोडशेडिंगमध्ये साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर वाजवलंत तर अँप मलूल वाटेल आणि करकर करेल. तो बिघडलेला नसतो. त्या लहरीचं शिखरच खुजं असतं, त्यामुळे २६० च्या जागी १९० च्या आसपासच डीसी मिळतात.

आठवडाभर नुसतं वाजवा, मग हवे ते बदल करा, दर वेळी एकच. ईसीसी८३ च्या पिन ३ वरचा २२ मायक्रोफॅरड काढून तिथे १ लावला तर खर्ज आवळला जातो आणि आवाज पुढे येतो. हमबकर असलेल्या गिटारला हे फार मानवतं. दुसऱ्या बाजूचा म्हणजे पिन ८ वरचा कंडेन्सर पूर्ण काढला तर आवाज उशिरा फाटतो, स्वच्छ वाजवणाऱ्यांना ते आवडेल. कंडेन्सर बदलण्याआधी भिंतीतून प्लगची पिन काढा आणि मीटर लावून मोजा.